लग्नाच्या फोटोंचे पॅकेज : सही करण्यापूर्वी

चंदगड तालुक्यात लग्न ठरले की पहिला शोध कार्यालयाचा, दुसरा आचाऱ्याचा आणि तिसरा छायाचित्रकाराचा, असा क्रम आता रूढ झाला आहे. पूर्वी या तिसऱ्या गोष्टीचा विचार पत्रिका वाटून झाल्यावर होत असे. आता मुहूर्त हाती येण्यापूर्वीच स्टुडिओला दूरध्वनी जातो आणि काही घरांत तर छायाचित्रकार मोकळा असेल त्या तारखांतून मुहूर्त निवडला जातो. यात हसण्यासारखे काही नाही. एकाच मुहूर्तावर आजूबाजूच्या गावांत अनेक लग्ने असतात आणि चांगले हात मोजकेच असतात. मात्र ज्या घरात किराणा मालाच्या यादीतील प्रत्येक ओळ दोनदा तपासली जाते, त्याच घरात लाख-सव्वा लाखाचे छायाचित्रणाचे पॅकेज एका चकचकीत पत्रकावर बोट ठेवून ठरते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

चंदगडची अडचण थोडी निराळी आहे. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. जिल्हा बदलला, तरी बाजाराची वाट बदलली नाही. कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. त्यामुळे बस्ता, दागिने, मंगल कार्यालय आणि छायाचित्रकार या चारही गोष्टींसाठी पावले बेळगावकडेच वळतात. सासर-माहेर दोन राज्यांत, स्टुडिओ तिसऱ्याच गावात आणि पैसे भरणारे वडील चंदगडमध्ये, असा हा व्यवहार असतो. म्हणूनच तो तोंडी ठेवण्यासारखा नाही.

छायाचित्रण या भागाला नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात चित्रपटासाठी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रदर्शित केला. त्या परंपरेच्या आसपास अनेक स्टुडिओ वाढले. एकेकाळी लग्नाला येणाऱ्या छायाचित्रकाराच्या गळ्यात दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा असे आणि त्यातल्या १२० क्रमांकाच्या रिळावर चौकोनी आकाराची बाराच छायाचित्रे निघत. दोन रिळे म्हणजे चोवीस. त्या चोवीसांत अंतरपाट, हार, सप्तपदी, दोन्हीकडची माणसे आणि पाठवणी बसवायची असे. काय टिपायचे याचा निर्णय बटण दाबण्यापूर्वी घ्यावा लागे. पुढे ३५ मिलिमीटरच्या रिळाने ही संख्या छत्तीसवर नेली, मग ध्वनिचित्रफितीचा जमाना आला आणि हॅलोजनच्या प्रखर झोतात डोळे मिटलेले पाहुणे जेवणाच्या पंगतीत कायमचे नोंदले गेले. आज दोन दिवसांच्या समारंभात तीन-चार हजार छायाचित्रे सहज निघतात. निवडीचे काम संपलेले नाही. ते छायाचित्रकाराच्या बोटावरून घरच्यांच्या डोक्यावर आले आहे आणि त्याची तयारी कोणाचीच नसते.

पॅकेजची भाषा आधी समजून घ्यावी. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे व्यासपीठावर रांगेने येणारे पाहुणे, विधींचा क्रम, एकत्रित कुटुंबाचे छायाचित्र. ‘कँडिड’ म्हणजे माणसांना न सांगता टिपलेले क्षण. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे संगीत घालून चार-पाच मिनिटांत बसवलेली चित्रफीत. त्याखेरीज ‘टीझर’, ‘रील’, ‘ड्रोन’, ‘क्रेन’, ‘एलईडी वॉल’ हे प्रत्येकी वेगळ्या दराचे. तरुण पिढीला ट्रॅडिशनल हा प्रकार जुनाट वाटतो आणि तो पॅकेजमधून गाळावा असा आग्रह होतो. तो मानू नये. दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर घरातील माणसे प्रथम कोणाला शोधतात, हे कोणत्याही घरात जाऊन पाहावे. वधूच्या मेंदीवर पडलेला कवडसा सुंदर असतो, पण आत्याच्या यजमानांचे एकही छायाचित्र नसेल तर ती रुखरुख कवडशाने भरून निघत नाही. कँडिड छायाचित्रकाराला घरातील माणसे ओळखीची नसतात. त्याचे लक्ष सुंदर चेहऱ्याकडे, छान प्रकाशाकडे जाते. कोपऱ्यात बसलेली, गुडघे धरून आलेली पणजी त्याला दिसेलच असे नाही. म्हणून घरातील एक जाणता तरुण दोन्ही दिवस छायाचित्रकाराबरोबर नेमून द्यावा आणि त्याच्या हाती पंधरा-वीस नावांची यादी असावी: ज्यांची छायाचित्रे झालीच पाहिजेत, अशी. या व्यवस्थेला एक रुपयाही लागत नाही आणि ती कोणत्याही पॅकेजमध्ये लिहिलेली नसते.

अक्षतांची वेळ ही खरी कसोटी. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि पुढच्या काही क्षणांत हार पडतात. हे पुन्हा करून घेता येत नाही. कोणी करून घेतलेच तर चेहऱ्यावर ते दिसते. एकच छायाचित्रकार असेल तर तो वधूवरांकडे पाहणार. त्याच क्षणी वधूच्या आईचा चेहरा कोण टिपणार? दोन कॅमेरे असतील तर एकाने व्यासपीठासमोर आणि दुसऱ्याने बाजूने, आईवडिलांच्या दिशेने उभे राहावे, हे आधी बोलून ठरवावे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. चार-पाच जणांचा ताफा व्यासपीठाच्या कडेला पाठ करून उभा राहिला, तर समोर बसलेल्या सातशे माणसांना त्या पाठींखेरीज काही दिसत नाही. दूरवरून आलेल्या माणसांनी अक्षता कोणावर टाकल्या, हे त्यांना अल्बममध्ये पाहावे लागते. भिंगांची आजची क्षमता पाहता दहा-पंधरा फूट मागून उत्तम छायाचित्र निघते. ‘अक्षतांच्या वेळी व्यासपीठावर दोनच माणसे’ ही अट घातल्यास चांगला छायाचित्रकार ती आनंदाने मान्य करतो.

जैन घरांतील लग्नात आणखी एक पेच आहे. संध्याकाळी सूर्य कलताना पडणारा तिरपा, सोनेरी प्रकाश छायाचित्रकारांना प्रिय असतो. नेमक्या त्याच वेळी वधूवरांना बाहेर नेऊन तासभर छायाचित्रे काढण्याचा त्यांचा बेत असतो आणि नेमक्या त्याच वेळी घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते, कारण सूर्यास्तापूर्वी नवरा-नवरीचे जेवण व्हायचे असते. बाहेरगावच्या छायाचित्रकाराला हे माहीत नसते. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी हाच प्रकाश मिळतो; तेव्हा बाहेरची छायाचित्रे आदल्या दिवशी सकाळी उरकावीत. छायाचित्रणाच्या मंडळींचे जेवणही पंगत उठण्यापूर्वी व्हावे, नाहीतर दिवसभर उभी असलेली ती माणसे रात्री उपाशी राहतात. मंदिरातील दर्शनाची छायाचित्रे हवी असतील, तर कॅमेऱ्याचा चामडी पट्टा आणि कमरेचा पट्टा बाहेर ठेवावा लागेल, हेही आधी कळवावे. ऐन वेळी दारात थांबवल्याने माणसाचा अपमान होतो आणि कामाचा खोळंबा.

प्रकाश आणि पाऊस यांचा विचार चंदगडमध्ये वेगळा करावा लागतो. काजूचा हंगाम हातावेगळा होऊ लागला, उसाची बिले आली, की एप्रिल-मे महिन्यांत लग्नांची गर्दी होते. याच दिवसांत दुपारनंतर वळीव कोसळतो. दारात मांडव असेल तर कापडाचा रंग फार महत्त्वाचा. लाल किंवा गर्द गुलाबी कापडाखाली दुपारच्या उन्हात सगळ्या चेहऱ्यांवर तोच रंग चढतो आणि नंतर संगणकावर तो पूर्णपणे काढता येत नाही. पांढरे किंवा फिकट कापड स्वस्तही पडते. वीज गेली तर छायाचित्रकाराकडे बॅटरीवर चालणारे दिवे आहेत का, हा प्रश्न ड्रोनच्या प्रश्नाआधी विचारायला हवा.

आता आकड्यांकडे. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. समजा, एका स्टुडिओने दोन दिवसांसाठी, चार माणसांसह, ९०,००० रुपये सांगितले. दुसऱ्याने तेवढ्याच कामाचे १,१०,००० सांगितले. घरातील सर्वांचे मत पहिल्याकडे झुकते. पण पहिल्याच्या पत्रकात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘जीएसटी, प्रवास व मुक्काम वेगळा’ असे आहे आणि अल्बम एकच आहे. छायाचित्रण सेवेवर १८ टक्के कर धरला तर १६,२०० रुपये वाढले. रक्कम १,०६,२०० झाली. प्रवास-मुक्कामाचे ५,००० आणि दुसऱ्या घरासाठी दुसऱ्या अल्बमचे १२,००० मिळवले की १,२३,२०० होतात. दुसऱ्या पत्रकात हे सारे आधीच धरलेले असेल तर महाग वाटलेला स्टुडिओ १३,२०० रुपयांनी स्वस्त आहे. दोन पत्रके शेजारी ठेवून प्रत्येकाची अंतिम रक्कम काढल्याशिवाय तुलना करूच नये. सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. आणि ज्याची नोंदणी नाही, त्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. तेव्हा कर मागणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक असलेले बिल मागावे. ‘बिल नको असेल तर कर नको’ हा सौदा मोहात पाडतो, पण पुढे तक्रारीची वेळ आली की हाती कागद राहत नाही.

अल्बमच्या बाबतीत ‘पान’ आणि ‘शीट’ यांत फरक आहे. एका शीटची दोन पाने होतात. चाळीस शीटचा करिझ्मा अल्बम म्हणजे ऐंशी पाने. चाळीस पानांचा अल्बम म्हणजे त्याच्या निम्मा. कागदावर कोणता शब्द आहे हे पाहावे आणि वाढीव शीटचा दर आधीच लिहून घ्यावा, कारण छायाचित्रे निवडायला बसल्यावर कोणाचेही मन चाळिसावर थांबत नाही. शीटमागे ३०० रुपये धरले, तर पंधरा वाढीव शीटचे एका अल्बमला ४,५०० आणि दोन अल्बमना ९,००० रुपये होतात. अल्बम वेळेवर मिळत नाही ही सार्वत्रिक तक्रार आहे, पण तिच्यातील बराच भाग घरच्यांकडेच येतो. चार हजार छायाचित्रांतून दीडशे निवडून द्यायची असतात. नवदांपत्य पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीवर परततो, सासू म्हणते सुनेने निवडावीत, सून म्हणते सासूबाईंनी, आणि वर्ष निघून जाते. स्टुडिओ मागील वर्षाच्या दरात अल्बम देण्यास मग तयार नसतो. लग्नानंतर एक महिन्याच्या आत निवड देऊ, ती मिळाल्यापासून ४५ दिवसांत अल्बम मिळावा, अशा दोन्ही बाजूंच्या मुदती करारात असाव्यात.

पैसे देण्याचा क्रमही मुदतीशी जोडावा. तारीख निश्चित करताना थोडी रक्कम, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा आणि किमान पाचवा भाग अल्बम हाती आल्यावर, हे दोन्ही पक्षांना न्याय्य आहे. सगळी रक्कम आधी देणे हा भाबडेपणा, आणि लग्न झाल्यावर छायाचित्रकाराला हेलपाटे घालायला लावणे हा अन्याय. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. एका समारंभासंबंधीच्या व्यवहारांत एकाच व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण कटकट दोघांनाही. छायाचित्रणासाठी कर्ज काढण्याची वेळ आली तर मात्र थांबावे. एक लाखाचे कर्ज १२ टक्के दराने तीन वर्षांत फेडायचे म्हटले तर मासिक हप्ता सुमारे ३,३२१ रुपये पडतो आणि १९,५०० रुपयांहून अधिक व्याज जाते. तेवढ्या व्याजात गावातील एखादा होतकरू छायाचित्रकार साखरपुडा पूर्ण करून देईल.

स्टुडिओचा दर्जा त्याच्या निवडक छायाचित्रांवरून ठरवू नये. दहा लग्नांतून निवडलेली दहा छायाचित्रे कोणाचीही चांगली असतात. एकाच लग्नाचा संपूर्ण अल्बम, शक्यतो साध्या कार्यालयातील आणि भर दुपारचा, पाहायला मागावा. ज्याचे काम पाहिले तोच माणूस येणार का, हाही प्रश्न विचारावा. दाट मुहूर्ताच्या दिवशी स्टुडिओ एकाच वेळी अनेक कामे घेतात आणि बाहेरची मुले रोजंदारीवर पाठवतात. येणाऱ्याचे नाव करारात लिहून घेणे हा यावरचा एकमेव उपाय आहे. कॅमेरा दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा आहे का, हेही विचारावे. एक कार्ड बिघडल्याने संपूर्ण हळद नाहीशी होऊ शकते.

ड्रोनची हौस चंदगडला अधिक, कारण भोवतालचा निसर्गच तसा आहे. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा अधिक वजनाचा ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे वैमानिक प्रमाणपत्र लागते आणि विमानतळांच्या परिसरात निर्बंध असतात. कार्यालय बेळगावात असेल तर एकीकडे सांबरा विमानतळ आणि दुसरीकडे लष्करी छावणी आहे. तिथे परवानगी आहे का, हे पाहण्याची जबाबदारी स्टुडिओने लेखी घ्यावी. प्रीवेडिंगसाठी पारगड, कलानिधीगड, तिलारीचा परिसर यांची नावे घेतली जातात. वनखात्याच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते आणि या पट्ट्यात रानहत्तींचा वावर आहे, हे बाहेरून आलेल्या मंडळींना ठाऊक नसते. मुळात प्रीवेडिंग हवे की नको, हा त्या दोन घरांचा प्रश्न. हवे असेल तर ते करावे. परंतु ती चित्रफीत लग्नाच्या दिवशी सातशे माणसांसमोर पडद्यावर दाखवण्याचे कारण नाही. तेवढ्या एका पडद्याचे भाडे वाचले तर आईवडिलांकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा खर्च निघू शकतो.

छायाचित्रे कोणाच्या मालकीची, याबद्दल बराच गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे कुटुंब. परंतु ‘विरुद्ध करार’ बहुधा पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला असतोच. मुलीचे छायाचित्र स्टुडिओच्या जाहिरातीत किंवा समाजमाध्यमावर घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय येणार नाही, ही ओळ हाताने लिहून त्यावर सही घ्यावी. त्याच ठिकाणी तारीख बदलण्याची अटही लिहावी. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि २ तास अशी मर्यादा आली, तेव्हा ठरलेल्या पॅकेजचे काय करायचे, यावर घरोघरी वाद झाले. घरात दुःखद प्रसंग ओढवला किंवा सरकारी आदेशाने समारंभ पुढे गेला तर आगाऊ रक्कम नव्या तारखेला धरली जाईल, एवढे एक वाक्य पुरते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर सीमेवरच्या माणसाला एक दिलासा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. स्टुडिओ कर्नाटकात असला तरी चंदगडच्या ग्राहकाला बेळगावला खेटे घालण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. मात्र आयोगासमोर लागतात ते करार, पावत्या आणि संदेश. गमावलेला क्षण कोणताही आयोग परत देत नाही, देतो ती भरपाई.

सगळी मूळ छायाचित्रे आणि चित्रफिती मिळतील, असे लिहून घेतल्यावर त्या ठेवायच्या कुठे, याचाही हिशेब हवा. एका ‘रॉ’ छायाचित्राला २५ एमबी धरले तर तीन हजारांचे ७५ जीबी होतात. उच्च प्रतीच्या चित्रफितीची नोंद सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर एका तासाला ४५ जीबी लागतात. स्टुडिओ भेट म्हणून देतो तो मखमली डबीतील पेन ड्राइव्ह यापुढे अपुरा पडतो. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक माहेरी, एक सासरी. स्टुडिओने मूळ प्रती किती महिने जपून ठेवायच्या, तेही करारात असावे. आणि अल्बमव्यतिरिक्त पन्नास छायाचित्रे साध्या आकारात, चांगल्या कागदावर छापून घ्यावीत. ती घरातील थोरल्यांसमोर पसरावीत आणि त्यांच्याकडून माणसे ओळखून घेऊन प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि नाते लिहावे. हे काम पहिल्या पावसाळ्यातच उरकावे, त्या वेळी आजी दुपारी घरीच असते.